चवीची सही

बोरजाईवाडीच्या शाळेत दर गुरुवारी पोरं कमी का येतात, हे मुख्याध्यापिका दीपमालाबाईंना ऑगस्ट संपता संपता कळलं, आणि तेही एका दोऱ्यामुळं.

परिपाठ चालू होता. चौथीतल्या एका पोरीच्या कॉलरमधून पांढरा दोरा डोकावत होता. बाईंनी तो बोटानं ओढला तर बाहेर आली मुळ्यांच्या बारक्या तुकड्यांची माळ. काविळीची माळ! विट्याच्या वाटेवरच्या एका वस्तीत एक म्हातारा ती गुरुवारी आणि रविवारी देतो. आधी डोक्यावर ठेवायची, मग ती रोज थोडी थोडी वाढत गळ्यात उतरते, आणि बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायची. पथ्यं दोनच. तेलकट खायचं नाही, आणि माळ बेंबीला टेकेपर्यंत आजाराचं नाव कुणापुढं काढायचं नाही, काढलं की औषधाचा गुण जातो. पहिलं पथ्य पोरं भज्याच्या गाड्यापाशी रोज मोडत होती. दुसरं मात्र अख्ख्या गावानं इमानेइतबारे पाळलं होतं.

"काय झालं होतं गं तुला?" बाईंनी विचारलं.

"ताप."

"वर बघ. डोळे उघड." डोळ्यांचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा पिवळा होता.

बाईंनी प्रार्थना तिथंच थांबवली आणि रांगेरांगेनं कॉलरी तपासल्या. अकरा माळा निघाल्या. हजेरीपटावर त्या अकरा जणांपुढं गेल्या महिनाभरात 'ताप' लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर बाईंचंच होतं, पालकांनी सांगितलं तसं उतरवलेलं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर सगळं गाव आपल्या तोंडावर खोटं बोलत होतं!

तसा बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. सासरचं घर गलाईवाल्यांचं. सासरे चाळीस वर्षं सेलमला सोनं गाळत बसले आणि आता नवरा, भाऊसो, बसतो. त्या घरात लग्न होऊन आल्यावर पहिली शिकवण मिळाली ती अशी, की पिवळं दिसतं म्हणून सोनं मानायचं नाही, आधी कसाला लावायचं. बाईंनी ही शिकवण सोन्यापुरती ठेवली नाही. पोराचं पोट दुखतं म्हटलं तरी त्या आधी त्याचा गृहपाठ बघायच्या. नवऱ्याचा फोन लवकर ठेवला गेला तरी त्यांना झोप लागायची नाही. आणि गंमत अशी, की असा माणूस जेव्हा फसतो तेव्हा तो नेमका तिथं फसतो जिथं संशय घ्यायचं त्याच्या मनातही येत नाही.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'शाळेत काविळीचे रुग्ण आहेत. आपल्या पाल्यास लक्षणे असल्यास न लपवता कळवावे.' उत्तरं भराभर आली. चाळीस अंगठे, बारा 'ओके बाई', आणि एका आजोबांनी शुभ दुपारचा गुलाब पाठवला. कळवलं एकानंही नाही.

मग बाई आणि त्यांच्या हाताखालचे तरुण शिक्षक ऋषिराज सर घरोघरी फिरले. कुणाच्या पोराला ऊन लागलं होतं, कुणाला दृष्ट. एक बाई तर म्हणाली, "आवं, त्येचं डोळं लहानपणापास्नंच तसलं हायती," आणि तो पोरगा तिच्या मागं उभा राहून गळ्यातली माळ शर्टात कोंबत होता. बाईंनी वहीत नोंद केली, पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. चार दिवसांत वहीत एकवीस नावं झाली आणि प्रश्नचिन्हं तर मोजायची सोय राहिली नाही.

उपकेंद्रातून विजयमाला सिस्टर आल्या. सहा जणांचं रक्त नेलं, तिसऱ्या दिवशी सांगितलं की घाण पाण्यातनं किंवा अन्नातनं पसरणारी कावीळ आहे. शाळेच्या नळाचं पाणी त्यांनी तिथंच तपासलं. परीक्षानळीत पाणी घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले, पाणी लगेच पिवळसर झालं.

"पिवळं म्हंजे चांगलं," सिस्टर म्हणाल्या. "पाण्यात जंतू मारायची पावडर हाय. पांढरंच ऱ्हायलं असतं तर धोका."

स्वयंपाकघरातला पिंप तपासला, तोही पिवळा. मग व्हरांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी दोघी आल्या. स्टीलच्या त्या कूलरवर हवालदार धनाजीचा गणवेशातला फोटो होता, फोटोला ताजा झेंडूचा हार. धनाजी याच शाळेतला. सीमेवर जखमी झाला आणि नऊ दिवस लष्कराच्या दवाखान्यात झुंजून गेला. घरच्यांनी त्याच्या नावानं हा कूलर दिला, वर गच्चीवर त्याची वेगळी छोटी टाकीसुद्धा बसवून दिली. पोरं पाण्याला हात लावायच्या आधी कूलरच्या पायाशी हात लावून नमस्कार करतात, हे कुणी शिकवलेलं नाही. विजयमाला सिस्टरांनीही पिशवी काखेत धरून हात जोडले आणि त्या पुढं गेल्या. बाईही गेल्या.

पाणी चांगलं निघालं म्हटल्यावर राहिलं काय? अन्न. आणि अन्न म्हणजे नूरजहां.

नूरजहांभाभी अकरा वर्षं शाळेचा पोषण आहार शिजवत होती. पंचावन्नची बाई, हाताला चव, तोंडाला कुलूप. नवरा चांदसाहेब बाजारपेठेत शिलाई मशीन घेऊन बसायचा आणि नात नूरीन चौथीत होती. भाभीनं आजवर एक सुट्टी घेतली असेल तर आठवावी लागेल. पण ग्रुपवर एकानं विचारलं, 'खिचडी करणारी हात धुती का?' दुसऱ्यानं लिहिलं, 'मागंच बदलायला पायजे हुती.' तिसऱ्यानं नुसता डोळे वटारलेला चेहरा टाकला. ती कोणत्या घरातली आहे हे कुणी लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती.

'मी काही तसल्या विचारांची नाही,' असं दीपमालाबाईंनी स्वतःला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या राहू लागल्या.

संशयाचं एक बरं असतं, त्याला उपाशी राहावं लागत नाही. भाभीनं दार लोटून घेतलं की बाईंना वाटायचं, का लोटलं? दार उघडं ठेवलं की वाटायचं, आपण बघतोय हे हिला कळलं. एक दिवस त्यांना दिसलं की नूरीनच्या दप्तरात घरून आणलेली पाण्याची बाटली असते आणि ती पोरगी शाळेतलं पाणी पीतच नाही. आजी शाळेत शिजवते आणि नातीला पाणी घरचं! हिला काहीतरी ठाऊक आहे.

नियम असा आहे, की जेवण पोरांना वाढायच्या आधी मुख्याध्यापकानं एक घास खाऊन बघायचा आणि चव रजिस्टरात लिहायचं. बाई अकरा वर्षं भाभीची खिचडी चाखत आल्या होत्या आणि 'चव उत्तम' लिहून सही ठोकत आल्या होत्या. आता भाभी वाटी आणून टेबलावर ठेवायची. ती वळली, की बाई ती वाटी खिडकीबाहेरच्या तुळशीमागं रिकामी करायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या: चव उत्तम. पोरांना मात्र तीच खिचडी वाढली जात होती. स्वतःला भीती वाटते म्हणून न खाल्लेलं अन्न शंभर लेकरांच्या ताटात जातंय, हे बाईंना दिसत नव्हतं असं नाही. त्या तिकडं बघत नव्हत्या.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी धनाजीच्या पोराला, तिसरीतल्या यशराजला, सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तोही 'ताप' म्हणून घरीच होता, त्याच्याही गळ्यात माळ होती, आणि माळ बेंबीला टेकायच्या आत पोरगं बरळायला लागलं.

शाळा समितीचे अध्यक्ष लालासाहेब दुपारीच ऑफिसात आले. धनाजीचे चुलते, स्वतः निवृत्त सुभेदार. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची सरळ केली, मग मिशी.

"मॅडम, पब्लिक लय गरम हाय. माझ्या घरचं पोरगं ॲडमिट हाय. कायतरी ॲक्शन दिसली पायजे."

"साहेब, अजून नक्की कळलेलं नाही कशामुळं ते."

"कळंल कवातरी. तवर त्या बाईला घरी बसवा. माझ्या भावजयीनंबी तिचंच नाव घेटलंय."

भावजय म्हणजे अंबूबाई, धनाजीची आई. तिचं नाव ऐकल्यावर बाईंची जी थोडीफार चलबिचल चालली होती ती संपली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'शाळेचे स्वयंपाकगृह पुढील सूचनेपर्यंत बंद. पालकांनी डबा द्यावा.' नाव कुठंच नव्हतं. अशा नोटिशीत नाव घालावं लागत नाही, ते लोक घालतात.

भाभीला त्यांनी तोंडी सांगितलं. "चार दिवस घरीच थांबा, भाभी."

नूरजहांनं 'का' म्हणून विचारलं नाही. पिंप धुतला, पालथा घातला, किल्ली टेबलावर ठेवली आणि नूरीनची वाट न बघता गेली. बाईंना तेही खटकलं. निर्दोष माणूस भांडला नसता का?

गौरी-गणपती आठ दिवसांवर होते. चांदसाहेबच्या मशीनपाशी ब्लाउजपिसांचा ढीग पडलेला असायचा असे ते दिवस. संध्याकाळी बाई बाजारातून येताना त्यांनी पाहिलं, दोघी बायका आपली न कापलेली पिसं मागून घेत होत्या. चांदसाहेब एकेक पीस घडी घालून देत होता, वर मोजपट्टीच्या मापाची चिठ्ठीसुद्धा लावून देत होता, दुसऱ्या शिंप्याला सोपं जावं म्हणून. बाईंनी चप्पल जोरात वाजवत रस्ता ओलांडला.

पण संशयी माणसाला पुरावा लागतो, आणि पुरावा शोधायच्या नादातच बाईंचा घोटाळा झाला. त्यांना भाभीविरुद्ध असा कागद करायचा होता की वरच्या साहेबांनी बोट ठेवायला जागा राहू नये. त्यांनी एकवीस नावं वर्गवार मांडली. तिसरीत चार, चौथीत पाच, पाचवीत तीन, सहावीत चार, सातवीत पाच. पहिली आणि दुसरीत? एकही नाही.

बाईंनी पुन्हा मोजलं. पहिली-दुसरीची तीस पोरं. खिचडी खातात ती सगळ्यात आधी, त्याच पातेल्यातली. मग खिचडीनं त्यांनाच का सोडलं? 'वरची वरची वाढत असतील,' बाईंनी मनाशी म्हटलं, आणि म्हणताना स्वतःलाच ते लंगडं वाटलं.

त्यांनी नूरीनला ऑफिसात बोलावलं. पोरगी दारातच थबकली.

"आत ये. आजी तुला वेगळं काही खायला देत होती का गं? खरं सांग."

"न्हाई बाई. खिचडीच. सगळ्यांच्यात बसून."

"मग पाणी घरचं का आणतेस?"

नूरीननं गळ्याला हात लावला. "कूलरचं पाणी लय गार असतंय. माझा घसा धरतोय. डॉक्टरनी आजीला गार पाजू नका म्हणून सांगितलंय."

"आणि पहिली-दुसरीची पोरं? ती कुठलं पाणी पितात?"

"त्यांच्या वर्गात माठ हाय की. ती कूलरपाशी खेळून भिजत्यात म्हणून तुमीच ठेवलाय न्हवं."

बाई उठल्या नाहीत. पोरगी 'जाऊ?' म्हणून विचारत होती, तेही त्यांना ऐकू आलं नाही. माठात पाणी भरतात ते नळाचं, मोठ्या टाकीचं. खिचडी शिजते तीही त्याच टाकीच्या पाण्यात. आपण घरून बाटली आणतो. अन्न तर सगळ्याच पोरांचं सारखं होतं, आजारी पडलेल्या एकवीस जणांचं वेगळं होतं ते पाणी. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तासाभरात विजयमाला सिस्टर आल्या. या वेळी हात जोडले नाहीत, थेट कूलरचा नळ सोडला. परीक्षानळीत पाणी, दोन थेंब औषध. दोघी टक लावून बघत राहिल्या. पाणी जसं होतं तसंच राहिलं, आरपार. एकवीस पोरांच्या डोळ्यांत उतरलेला पिवळा रंग या नळीत यायला तयार नव्हता.

"ह्यात पावडरच न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

पाणी सोडणाऱ्या नाथाजीला बोलावलं. तोच दोन्ही टाक्या भरायचा, तोच पावडर टाकायचा. शाळेमागच्या गटारीला लागून जाणारी पाइप पावसाळ्यात गळते हे त्यानं आल्या आल्या कबूल केलं. "पण म्हणून तर मोठ्या टाकीत मी दुप्पट पावडर टाकतोय, सिस्टर."

"आणि कूलरच्या टाकीत?" बाईंनी आवाज चढवला. "तिथं का नाही टाकत? माणसं आहेत का जनावरं?"

नाथाजीनं त्यांच्याकडं नवलानं बघितलं. "आवं बाई, तुमीच न्हवं का सांगितलं? उद्घाटनादिवशी?"

आणि बाईंना सगळं आठवलं. गेल्या सव्वीस जानेवारीचा झेंडा झाला होता. पहिला पेला अंबूबाईच्या हातात दिला होता. म्हातारीनं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. "दवाखान्यागत वास येतोय," एवढंच म्हणाली. नऊ दिवस ती पोराच्या उशाशी बसली होती, त्या वासात. बाईंचं मन असं भरून आलं की त्यांनी नाथाजीला बाजूला घेऊन सांगितलं: ह्या टाकीत पावडर टाकू नका, कूलरला फिल्टर आहेच. तेव्हापासून गाव म्हणत होतं, धनाजीच्या पाण्याला कसली गोडी! पहिला पेला रोज यशराजला मिळायचा. बापाच्या नावाचं पाणी म्हणून पोरंच त्याला पुढं करायची. आणि सगळ्यात जास्त बाधलं तेही त्यालाच.

सिस्टर कूलरचा नळ बांधून निघून गेल्या. नाथाजी खाली बघत म्हणाला, "मी कुणाला सांगत न्हाई, बाई."

लालासाहेबांना सांगावंच लागलं. त्यांनी व्हरांड्यात जाऊन फोटोवरचा हार सरळ केला.

"मॅडम, हे ग्रुपवर जायचं न्हाई. शहिदाचं नाव हाय त्यावर. पाइप फुटली हुती, दुरुस्त केली, खलास."

"आणि नूरजहांभाभी?"

"तिला घ्या की परत महिन्यादोन महिन्यांनी. लोक इसरत्यात." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्याबी नोकरीचा सवाल हाय. इचार करा."

विचार केला नाही असं कसं म्हणावं? रात्रभर जे डोक्यात फिरलं ते सकाळी एसटीतही फिरत होतं. पाइप फुटली होती हे खोटं नव्हतंच. तेवढं एक वाक्य लिहिलं की शहिदाचं नाव राहतं, नोकरी राहते, आणि नूरजहां... तासगाव गेलं, बेदाण्याच्या शेडा मागं पडल्या, सांगली आली, तरी त्या वाक्याचा शेवट होईना.

दवाखान्यात यशराज झोपला होता. सलाईन चालू होतं आणि दवाखान्याच्या सदऱ्यावर ती माळ तशीच होती. ताप उतरला होता, डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं होतं. अंबूबाई स्टुलावर बसून त्याचे पाय चोळत होती. पुन्हा एकदा त्याच वासात.

बाईंनी सगळं सांगितलं. एका दमात, मध्ये न थांबता. म्हातारीचे हात थांबले.

"म्हंजे बापाच्या नावाचं पाणी पोराला बाधलं," ती म्हणाली. मग त्याच्या पायांवर चादर ओढत म्हणाली, "माझ्या एकटीच्या नाकापायी."

"नाही काकू. तुम्ही फक्त वास येतो म्हणालात. टाकू नका म्हणाले ती मी."

"आन मी त्या नूरजहांचं नाव घेटलं." अंबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "धनाजी पोटात हुता तवा तिची सासू आली हुती माझ्या बाळंतपणाला. त्या घरचं नाव घेटलं मी! बाई, आता इथं काय बसलाय? जाऊन तसं ल्हिवा. जसं हाय तसं."

"धनाजीचं नाव..."

"त्येच्या नावाला काय हुतंय? खरं बोलल्यानं जवानाचं नाव जातंय व्हय?"

बाईंनी दवाखान्याच्या पायरीवर बसून फोन काढला. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मग लिहिलं ते असं:

'आपल्या शाळेतल्या एकवीस मुलांना कावीळ झाली आहे. ती कूलरच्या पाण्यातून पसरली. कूलरच्या टाकीत पावडर टाकू नका असं नाथाजींना मी सांगितलं होतं. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. नूरजहांभाभींच्या स्वयंपाकात काहीही दोष नव्हता. मी त्यांच्यावर संशय घेतला, तो खोटा ठरला. मुलांना पाणी उकळून द्या. माळ घालायची असेल तर घाला, पण कावीळ असेल तर आधी शाळेला आणि सिस्टरांना सांगा. खरा आकडा मी रोज चार वाजता इथंच लिहीन. दीपमाला, मुख्याध्यापिका.'

पाठवलं आणि त्या एसटी स्टँडकडं निघाल्या.

अर्ध्या तासानं एका आईनं लिहिलं, 'माझ्या सोनूला पण आहे. पंधरा दिवस झाले.' पाठोपाठ दुसरीनं. पुढं एका बापानं स्वतःचंच नाव कळवलं, तो रोज पोराला सोडायला येताना त्या कूलरचं पाणी प्यायचा. एसटी विट्याला पोचेस्तोवर एकवीसचे चौतीस झाले. बाई नावं लिहून घेत होत्या आणि या वेळी एकाही नावापुढं प्रश्नचिन्ह टाकावंसं त्यांना वाटलं नाही. बाईंनी माफी मागितली म्हणून दोघातिघांनी त्यांचं कौतुक केलं. चौघांनी त्यांची बदली मागितली. नूरजहांबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. संशय घ्यायला सगळं गाव असतं, तो फेडायला ज्याचं त्यालाच जावं लागतं.

बाई गेल्या. चांदसाहेब मशीनवर रिकामा बसला होता. त्यानं आत बघून हाक दिली आणि स्वतः उठून बाहेर गेला. नूरजहांनं पाट दिला, चहा विचारला. हात बांधून समोर बसली.

"भाभी, माझं चुकलं."

"वाचलं. नूरीननं वाचून दावलं."

"तुमच्यावर आळ आला तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं..."

"बोलून काय हुनार हुतं? मला आदीच कळलं हुतं, बाई." नूरजहांचा आवाज चढला नाही. "मला घरी बसवायच्या आदी एका मंगळवारी माझ्या हातनं खिचडीत मीठ घालायचं ऱ्हायलं. पोरं बोंबलली तवा कळलं. मी तुमचं रजिस्टर बघितलं. तुमी ल्हिवलं हुतं, चव उत्तम. अकरा वर्सं माझ्या हातचं खाल्लं तुमी. त्या दिवशी समजलं, ह्या बाईच्या मनातनं मी उतरले. मग भांडू कशाला?"

दीपमालाबाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. नूरजहांनंही त्यांना 'रडू नका' म्हटलं नाही.

"उद्या याल?" बाईंनी शेवटी विचारलं.

"बघते," ती म्हणाली.

सोमवारी ती आली. अंबूबाईही सांगलीहून आली होती. यशराजला दोन दिवसांत सोडणार होते. म्हातारी आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसली, दोघींचं काय बोलणं झालं ते बाईंनी ऐकलं नाही, खिडकीपाशीही गेल्या नाहीत. मग ती कूलरपाशी आली. टाकी धुऊन, पाइप बदलून नाथाजीनं बाईंच्या देखत पावडर टाकली होती आणि सिस्टरांची नळी पिवळी झाली होती. अंबूबाईनं पेला भरला, फोटोकडं बघितलं आणि घटाघटा प्यायली. तोंड फिरवलं नाही.

"येतोय वास," ती म्हणाली. "येऊ दे."

बाराला नूरजहांनं वाटी आणून टेबलावर ठेवली, शेजारी रजिस्टर उघडून ठेवलं. एरवी ती लगेच वळायची. आज वळली नाही. हात पदरात गुंडाळून समोर उभी राहिली आणि बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. परिपाठाला बाईंनी ज्या नजरेनं पोरांच्या कॉलरी तपासल्या होत्या, तीच ती नजर होती.

बाईंनी घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मग पेन उचललं आणि 'चव' या शब्दापुढं लिहिलं: 'मीठ नाही.' खाली सही केली.

नूरजहांनं रजिस्टर आपल्याकडं फिरवून घेतलं. तिला वाचता जेमतेम यायचं, तिनं अक्षरावर बोट ठेवून ते सावकाश वाचलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि मुठीनं मीठ पातेल्यात घातलं.